मशीन चालू राहिलं

अण्णा, त्या शुक्रवारी सकाळी ऑफिसला कुलूप होतं. माझ्या आधी तुम्ही आला नाहीत असं कधी झालंच नव्हतं. जे. पी. नगरातल्या त्या घराचा जिना चढून मी वर आले आणि कुलपाकडे बघत उभी राहिले. काळजी वाटली असं खोटं सांगणार नाही, मला राग आला होता. आदल्या संध्याकाळी आपण वाद अर्धवट सोडून उठलो होतो, घरी जाऊन मी माझे सगळे मुद्दे नीट जुळवले होते, आणि आता ऐकायला तुम्ही नाही. खाली घरमालकांकडून दुसरी किल्ली आणली, दाराशेजारचा मेन स्विच पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने वर केला, टेस्ट मशीन सुरू केलं, मोठ्या पॅकेट्सची टेस्ट लावली. मग फोन वाजला. तुमच्या धाकट्या भावाचा होता. काय झालं ते त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "बरं. अण्णांना सांगा, टेस्ट लावली आहे."

असं म्हटलं मी. त्यानंतर मी काय केलं, बाकीच्यांना कोणी सांगितलं, आम्ही सगळे तुमच्या घरी कसे पोचलो, यातलं काही मला आठवत नाही. बूट घालायला खुर्चीवर बसलात, एक घातलात आणि दुसऱ्यासाठी वाकलात ते तसेच राहिलात, एवढं तुमच्या पत्नीकडून, अक्कांकडून कळलं. त्यांना वाटलं नाडीची गाठ सुटत नसेल. रोज सकाळी बनशंकरीच्या देवळापर्यंत पायी जाऊन येणारा, सिगरेटला न शिवलेला, कॉफीतसुद्धा साखर मोजून घालणारा माणूस बूट घालता घालता संपतो, हे मला पटत नाही. "पटत नाही" हे मी तुम्हाला दिवसातून किती वेळा म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "पटवून घेऊ की, स्वल्प थांब." आता कशासाठी थांबू तेही कळत नाही.

आपण ऑफिसात सात जण, त्यात मराठी दोघंच. मी पुण्याहून आलेली. तुमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेले. त्याचा इतिहास विचारला की तुम्ही एका वाक्यात संपवायचात: "आलो, आणि परत जायचं राहिलं बघ." तुमचं मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू दाबावं लागायचं. तुम्ही मात्र न दाबता म्हणालात, "तू बोलतीस का रागं भरतीस, कळंना की मेधा." काम इंग्रजीत आणि हिंदीत चालायचं, भांडण मराठीत. ते जोरात आलं की पलीकडच्या टेबलावरचा नागराज टायपिंग थांबवून विचारायचा, "येनु अण्णा, जगळाना?" तुम्ही हात हलवून सांगायचात, "इल्ला, इल्ला, चर्चे." भांडण नव्हे, चर्चा. मग माझ्याकडे वळून आणखी जोरात सुरू करायचात.

गेले दोन महिने आपल्याला एकच चर्चा होती. नेटवर्कचं ते नवं, वेगवान कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि मशीन यांना एकमेकांशी बोलायला लावणारा प्रोग्राम. तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तुम्ही लिहिलेला. नेहमीचं पॅकेट दीड हजार बाइट्सचं असतं, पण आपल्या परदेशातल्या ग्राहकाला नऊ हजारांची मोठी पॅकेट्स हवी होती. तीच माहिती कमी पॅकेट्समध्ये जाते, मशीनची दगदग वाचते. आपल्याकडे सगळं झकास चाललं. त्यांच्याकडून मात्र तक्रार आली: तीन-चार दिवस छान चालतं, मग मोठी पॅकेट्स येणं बंद होतं, लहान तेवढी येत राहतात, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की पुन्हा छान. हे शेवटचं वाक्य आपण सातही जणांनी वाचलं होतं. एकालाही त्यात काही दिसलं नाही. बंद करून सुरू केल्यावर जगातलं काय नीट चालत नाही, असं म्हणून आपण पुढे गेलो.

मला कारण माहीत आहे अशी माझी खात्री होती. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी ड्रायव्हरला आधीच मेमरीत जागा मागून ठेवावी लागते. मेमरी सारख्या मापाच्या पानांत वाटलेली. लहान पॅकेटला एक पान पुरतं, मोठ्याला चार लागतात, आणि ती चारही शेजारी-शेजारी. मशीन बरेच दिवस चाललं की पानं कुठेही वापरली जातात, कुठेही सुटतात. रिकामी पानं ढिगाने असतात, पण सलग चार सापडत नाहीत. तुम्ही म्हणालात, "अर्धी मेमरी रिकामी दिसती की, आणि तुला जागा नाही म्हणायचं?" तेव्हा मी तुमच्याच पुतणीचं लग्न काढलं. तुमच्या इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पंगत बसली होती, पानावर पान वाढलं जात होतं, चाळीसेक पाटांपैकी निम्मे रिकामे होते आणि तरी नवऱ्या मुलाचा मामा रुसून उभा होता, कारण त्याच्या घरच्या चौघांना एका ओळीत बसायचं होतं आणि ओळीने चार पाट कुठेच मोकळे नव्हते. तुम्ही हसलात. म्हणालात, "पण मी त्याला बसवलं का नाही?" बसवलं होतंत. पहिल्या रांगेला सकाळीच दोरी बांधून ठेवली होतीत, कोणालाही शिवू दिलं नव्हतंत. तुम्ही दोरी सोडलीत आणि मामा सहकुटुंब बसला.

"मग इथेही दोरी बांधू या," मी म्हटलं. मशीन सुरू होताना, सगळी पानं मोकळी असताना, मोठ्या पॅकेट्सची जागा एकदाच मागायची आणि पुन्हा सोडायची नाही. साधा उपाय होता, दोन दिवसांचं काम. तुम्ही मान हलवलीत. आणि मग तो प्रश्न विचारलात, ज्याने मी दोन महिने चिडत राहिले.

"सरी, ठीक. मग इथे का होत नाही?"

तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, तसंच मशीन. सकाळी आल्याबरोबर टेस्ट लावायची, संध्याकाळपर्यंत मोठी पॅकेट्स नुसती ओतायची, आणि एकही अडकायचं नाही. रोज. तुमचं म्हणणं, दोष त्यांच्या केबलमध्ये किंवा मधल्या नेटवर्क-स्विचमध्ये असेल. माझं म्हणणं, उपाय पाठवून टाकू, लागू पडला तर पडला. तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "रोग न बघता औषध पाठवणारा डॉक्टर तुला चालंल का ग?" मी म्हटलं, महिनाअखेरीला काम काढून घेतलं तर डॉक्टरही नको आणि दवाखानाही नको. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. इथे का होत नाही. मला त्या चार शब्दांचा इतका वीट आला होता की तुम्ही तोंड उघडलंत तरी मी आधीच उत्तर द्यायला लागायचे, आणि उत्तर तर माझ्याकडे नव्हतं.

मग तो फोन झाला. आपण सगळे त्या एका स्पीकरभोवती कोंडाळं करून बसलो होतो. पलीकडून त्यांचा मॅनेजर शांतपणे म्हणाला की ज्याने हा ड्रायव्हर लिहिला आहे त्याला मोठी पॅकेट्स कळतात का, याची त्याला शंका आहे, आणि महिनाअखेरपर्यंत दोष सापडला नाही तर ते दुसरीकडे बघतील. तुम्ही तिथेच बसला होतात. त्याला ते माहीत नव्हतं, किंवा असेलही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही फक्त चष्मा काढून पुसलात. नंतर कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, आपण बाय-टू घेतली, एका कॉफीचे दोन पेले. मी त्या मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तुम्ही पेला धरून म्हणालात, "त्याचं खरं असंल की. न कळताही इतकी वर्षं गेली असतील." मला तुमचा तो सूर अजिबात आवडला नाही. पण मी एवढंच म्हटलं, कॉफी गार होतेय.

अण्णा, तुमच्याइतकं ते कार्ड इथे कोणालाही कळलेलं नव्हतं, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. तुम्ही थट्टेवारी नेलं असतंत, पण ऐकलं तर असतंत.

तुमची संध्याकाळ मला डोळे मिटले तरी दिसते. डबा पिशवीत, पिशवी खांद्याला, मग एकेका टेबलापाशी जाऊन "झालं का? झालं का?" सगळ्यांचं झालं की एकेक मशीन बंद करायचं, यूपीएस बंद करायचा, आणि शेवटी दाराशेजारचा मेन स्विच खाली. मागे एकदा गडगडाटात वीज जाऊन आली तेव्हा दोन बोर्ड जळले होते. कस्टम्समधून सोडवून आणायला तुम्ही कित्येक फेऱ्या घातलेले बोर्ड. तेव्हापासून हा तुमचा नेम. कोणी हसलं तर म्हणायचात, "माणूस झोपतो, मशीनलाही झोपू दे की." तुमच्याशिवाय त्या स्विचला कोणी हात लावत नसे. सवय अशी होती की नंतर ते दिसेनासं झालं, घरातलं घड्याळ दिसत नाही तसं.

त्या शेवटच्या गुरुवारीही तसंच झालं. माझं एक काम अर्धवट होतं, तुम्ही पाच मिनिटं दिलीत आणि पाचच दिलीत. जिना उतरताना वाद चालूच होता. फाटकापाशी तुम्ही स्कूटरला किक मारत म्हणालात, "ते सगळं राहू दे. इथे का होत नाही ते सांग, मी तुझ्या पाया पडतो." मी म्हटलं, "उद्या सांगते." तुम्ही म्हणालात, "सरी."

मंगळवारी मी ऑफिसात गेले. शुक्रवारी आम्ही जसे होतो तसे उठून गेलो होतो, घरमालकांनी मागून दार ओढून कुलूप घातलं होतं, शनिवार-रविवार तुमच्याकडे गेले, सोमवारी कोणाला यावंसंच वाटलं नाही. जिना चढताना घरमालक मागून म्हणाले, "मेडम, आफ माडलिल्ला नीवु. फ्यान सद्दु बरता इदे." बंद केलं नाहीत तुम्ही, पंख्याचा आवाज येतोय. कुलूप लावलेल्या खोलीत टेस्ट मशीनचा पंखा घोंघावत होता. तो आवाज दाराबाहेरून ऐकण्याची वेळ कधी आलीच नव्हती. माझे पाय जिन्यावरच थांबले. क्षणभर, एकच क्षण, मला वाटलं की आत तुम्ही आहात.

आत कोणी नव्हतं. स्क्रीनवर ओळीखाली ओळ, एकच मजकूर: मेमरी मिळाली नाही. मेमरी मिळाली नाही. मोठी पॅकेट्स थांबली होती, लहान जात-येत होती. अगदी त्यांनी कळवलं होतं तसं. मी बसले, एकूण पानांपैकी किती रिकामी आहेत ते बघितलं. निम्म्याहून जास्त होती. सलग चार किती ते बघितलं. एकही संच नव्हता. दोन महिने आपण जे शोधत होतो ते माझ्यासमोर होतं, आणि मी खुर्ची मागे ढकलून हाक मारली, "अण्णा, इकडे या, झालं बघा."

एव्हाना नागराज खोलीत आलेला होता. त्याला मराठी येत नाही, पण तेवढं कळलं. त्याने पाणी आणून ठेवलं.

त्यानंतर बराच वेळ मी त्या मेन स्विचकडे बघत होते. आपण रोज सकाळी मशीनला कोरी करकरीत मेमरी देत होतो, सगळी पानं ओळीने मोकळी, आणि ती विस्कटायला लागायच्या आत संध्याकाळी तुम्ही स्विच खाली करत होतात. रोग तीन दिवसांनी दिसणारा, आणि आपलं मशीन एका दिवसापलीकडे कधी जगलंच नाही. इथे का होत नाही? तुम्ही होतात म्हणून होत नव्हतं, अण्णा. तुम्ही गेलात, आणि पहिल्यांदाच कोणी स्विच खाली केला नाही. हे उत्तर मला हवं होतं, पण अशा रीतीने नको होतं. तुमच्या जाण्याने सापडलेली गोष्ट कोणाला आनंदाने सांगायची असते का? मला तर ती सापडल्याबद्दल अपराध्यासारखं वाटत होतं, आणि सापडली याचं बरंही वाटत होतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं याचा पुन्हा धक्का बसत होता.

दोरी बांधली. मशीन सुरू होताना मोठ्या पॅकेट्सची जागा राखून ठेवायची, पॅकेट आलं की आतलं सामान दुसरीकडे नेऊन तीच जागा परत वापरायची. तुमच्या प्रोग्राममध्ये माझी बोटं घालताना मी दहा वेळा थांबले. तुम्ही तो इतका नीटनेटका लिहिला होता की माझी भर पडल्यावर ठिगळ दिसू नये म्हणून मी तुमच्यासारखंच लिहायचा प्रयत्न केला. मग महिनाअखेरीच्या आत त्यांना फोन लावला. दोष आमच्या ड्रायव्हरमध्येच होता, हे सरळ सांगितलं. तुम्ही असता तर तेच सांगितलं असतंत, चूक झाकायची नाही हा ऑफिसातला दंडक तुमचाच. तो मॅनेजर म्हणाला, छान काम केलंत, कोणी शोधलं? मी तुमचं नाव सांगितलं. हेच ड्रायव्हरचे लेखक होते, आणि इथे का होत नाही हा प्रश्न त्यांनी एकट्याने लावून धरला, हेही सांगितलं. त्याने विचारलं, त्यांच्याशी बोलता येईल का? मी म्हटलं, नाही. मग कारण सांगितलं. काम आपल्याकडेच राहिलं आहे.

तेराव्याला तुमच्या घरी आले होते. जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी हळूच विचारलं, "मेधा, खरं सांग हं. त्यांचं कामात काही चुकलं होतं का? त्या आठवड्यात झोप नव्हती त्यांना. उठून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, कळंना झालंय बघ मला."

म्हणजे तो मॅनेजरचा शब्द तुम्ही घरी आणला होता. चष्मा पुसून झाला म्हणजे विषय संपला असं मी समजले होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. पानं, पंगत, दोरी, त्यांच्या पुतणीच्या लग्नातला मामा, आणि स्विच. चूक होती, पण तुम्ही ती सापडेपर्यंत प्रश्न सोडला नाहीत, आणि सापडली ती तुमच्या प्रश्नामुळेच. बोलताना मला भीती वाटत होती की स्विचचं ऐकून त्यांना वाईट वाटेल. अक्का ऐकत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

"अग, फ्रीजसुद्धा बंद करायचे की. रोज झोपताना. सकाळी उठून चालू. मी किती भांडले, दूध नासतंय म्हणून. ऐकतील तर शपथ." मग त्या फ्रीजकडे वळल्या आणि त्यांचं हसू गेलं. "त्या दिवसापासून कोणी बंद केलाच नाही. आता ह्याचं दार लागंना झालंय."

मी दार ओढून बघितलं. वरच्या कप्प्यात बर्फ इतका साचला होता की त्याचं झाकण पुढे आलं होतं आणि दार त्याला अडून अर्धवट राहत होतं. घरातल्या कोणाला बर्फ काढायचा असतो हेच माहीत नव्हतं, कारण तुमच्या राज्यात तो कधी साचलाच नव्हता. मी वाकून फ्रीजचं बटण बंद केलं. गरगर थांबली आणि घर एकदम शांत झालं. थोड्या वेळाने पाणी गळायला लागलं. अक्कांनी जुनं धोतर फाडून केलेली फडकी आणली आणि आम्ही दोघी फरशीवर बसून पाणी टिपायला लागलो. तेव्हा मला रडू आलं, अण्णा. शुक्रवारपासून आलं नव्हतं, स्मशानातून सगळे परतले तेव्हा नाही, स्क्रीनसमोर नाही. अक्का फडकं पिळत म्हणाल्या, "येऊ दे, येऊ दे," आणि मग त्याही.

आता त्या रोज झोपताना फ्रीज बंद करतात आणि सकाळी चालू करतात. दूध नासलं तर नासलं, म्हणतात. ऑफिसची किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी सगळ्यांची मशीनं मी बंद करते, "झालं का, झालं का" असं विचारतेसुद्धा, आणि नागराज मान खाली घालून हसतो. टेस्ट मशीन मात्र तेव्हापासून चालू आहे. मोठी पॅकेट्स येतायत, एकही अडकलेलं नाही. सवयीने कधी इकडे आलात, अण्णा, तर तेवढं एक बंद करू नका.